रोहिण्यांतलं अंगण

तेरणेच्या खोऱ्यात, बालाघाटाच्या उतारावर आमचं गाव. जिल्हा धाराशिव. घरापुढं अंगण, अंगणात लिंब, एका बाजूला गोठा, मागं परस आणि परसाच्या टोकाला उकिरडा. आज मे महिन्याची 30 तारीख. पंचांगाप्रमाणं 25 मेच्या सुमाराला सूर्य रोहिणीत गेला, 7-8 जूनला तो मृगात जाईल. मधल्या ह्या पंधरवड्यात उन्हाळा मोडायला लागतो. तो कसा मोडतो, हे रानापेक्षा अंगणात आधी कळतं, कारण बाईमाणसाचा दिवस तिथंच जातो. आजच्या एका दिवसाची ही हकीकत.

पहाटे 4.30

बाजेवर जाग आली ती घामानं. एप्रिलात ह्याच वेळेला पायथ्याची वाकळ अंगावर ओढून घ्यावी लागायची. दिवसा तेव्हाही चाळीस अंशांच्या वर असायचं, पण हवा कोरडी आणि आभाळ मोकळं, त्यामुळं जमिनीत साठलेली ऊब रात्रीतून निघून जायची. आता हवेत दमटपणा आलाय. ढगांचे पुंजके रात्रभर हलत नाहीत आणि ऊब खालीच कोंडून राहते. दिवसाचं ऊन होतं तेवढंच आहे, बदलली आहे ती रात्र.

मावळतीकडं विंचवातली लाल चांदणी, ज्येष्ठा, खाली उतरली होती. आभाळात तिच्या बरोबर समोर असते रोहिणी. पण ह्या दिवसांत सूर्य रोहिणीच्या शेजारी असतो, म्हणून ती त्याच्याबरोबर उगवते आणि त्याच्याबरोबरच मावळते. जिच्या नावानं हा पंधरवडा चालतो, ती चांदणी नेमकी ह्या पंधरवड्यात कुणाला दिसत नाही. आमच्या आत्याबाई म्हणजे सासूबाई रोहिणीची तारीख पंचांग न उघडता सांगतात. त्या वाऱ्यावरून सांगतात, घामावरून सांगतात. पंचांगवाला दोन हजार वर्षांचं गणित करून तिथंच येतो.

पावशानं सूर लावला. एकेक पायरी चढत त्याचा आवाज वर वर जातो आणि तुटतो. गावात म्हणतात, तो ‘पेरते व्हा’ सांगतोय. तो सांगतोय मार्चपासून. पावशा इथलाच रहिवासी, हा त्याचा विणीचा हंगाम. स्वतः घरटं बांधत नाही, सातभाईच्या घरट्यात अंडी घालतो, आणि सातभाईंची धांदल सुरू झाली की त्याचा गळा मोकळा होतो. त्याच्या हाकेवर पेरायचं म्हटलं तर धुळवडीलाच तिफण जुंपावी लागेल. चातकाचं तसं नाही. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा असलेला हा पक्षी आफ्रिकेतून पावसाळी वाऱ्यांबरोबर आपल्याकडं येतो. त्याची हाक ऐकू आली तर वहीत टिपून ठेवावी. आज आली नाही.

सकाळी 6.00

सूर्य 5 वाजून 49 मिनिटांनी उगवला. सडा टाकायच्या आधी झाडलोट. अंगण झाडणाऱ्या बाईला महिना विचारावा लागत नाही. फाल्गुनात लिंबाची पिवळी पानं टोपलं भरून निघतात, चैत्रात त्याचा बारीक पांढरा मोहोर आणि ह्या दिवसांत लिंबोळ्या. अजून निम्म्याअर्ध्या हिरव्याच आहेत, पण पिकलेल्या पिवळ्या लिंबोळ्या पहाटेच्या वाऱ्यानं पडतात. साळुंक्या आणि बुलबुल गर खातात आणि बी खाली टाकतात. आमची मेहनत तेवढी वाचते.

ह्या लिंबोळ्या केरात जात नाहीत, त्यांचं टोपलं वेगळं. पाण्यात चोळून गर काढायचा, बी सावलीत वाळवायचं आणि बारदानाच्या पोत्यात भरून ठेवायचं. प्लॅस्टिकच्या पोत्यात हवा खेळत नाही, बुरशी धरते. पाच टक्के अर्काचं माप सोपं आहे. पाच किलो बियांची भरड रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, थोडा साबणचुरा घालून शंभर लिटर पाणी करायचं. तुरीवर शेंगअळी येते ऑक्टोबर-नोव्हेंबरात. तिचं औषध मेअखेरीस अंगणात पडतं. मोठ्या पावसात भिजलेल्या लिंबोळ्या मातीत रुततात आणि सडतात, म्हणून हे काम आत्ताचंच.

ओट्याच्या कोपऱ्यात काळ्या मुंग्यांची रांग लागली होती. तोंडात पांढरी अंडी, आणि निघाल्या होत्या भिंतीवर. आत्याबाईंनी सडा टाकता टाकता बघितलं.

“मुंग्या वर निघाल्यात गं. पाणी लांब न्हाई.”

“पण परवा पण निघाल्या होत्या की, आत्याबाई.”

“मग परवा बी लांब नव्हतं. तिकडं ढोकीला पडला म्हणत्यात.”

त्यांच्याशी वाद घालून उपयोग नाही. मुंग्या ओल आणि ऊब बघून वारूळातली अंडी हलवतात, हे खरं. पण पाऊस आपल्याच रानात पडणार की पलीकडच्या गावात, हे मुंगीला ठाऊक नसतं. वळवाचा पाऊस तसा असतोच. बांधाच्या अलीकडं चिखल, पलीकडं फुफाटा.

सकाळी 7.00

धार काढून झाली. शेळ्यांना बाभळीच्या शेंगा टाकल्या. मे महिन्यात हिरवा चारा नावाला नसतो. बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला आणि कडबा, ह्यावर दिवस काढायचे. आमच्या शेळ्या उस्मानाबादी. जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, शेळीचं उस्मानाबादीच राहिलं. अंगानं बहुतेक काळ्या, कान लोंबते, चालायला चिवट. एका वेताला बऱ्याचदा दोन करडं देतात, म्हणून तर मराठवाड्यात आणि बाहेरही ह्या जातीला मागणी आहे.

शेळीकडं बघून ऋतू कळतो तो असा. वैशाखात ती सकाळी नऊलाच सावली धरायची, आता दहापर्यंत चरते. नाक वर करून वाऱ्याकडं तोंड करते. पहिल्या दोन पावसांनंतर बांधावर कोवळं गवत येईल आणि ती त्याच्यावर तुटून पडेल. तोच धोक्याचा काळ. कोवळा चारा एकदम पोटात गेला की आंत्रविषार होतो, आणि संध्याकाळी धडधाकट दिसलेलं करडू सकाळी मेलेलं सापडतं. त्याची लस पावसाच्या आधी टोचून घ्यायची, कारण अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे जातात. गाई-म्हशी-बैलांना घटसर्प आणि फऱ्या ह्यांची लस ह्याच दिवसांत. आमच्या गोठ्यातली टोचणी झाली आहे. शेजारच्या आजी म्हणत होत्या, “पाऊस पडू दे, मग बघू.” त्यांना सांगितलं, पाऊस पडल्यावर बघायला जनावर राहिलं पाहिजे.

सकाळी 8.30

मालक आणि दोन गडी उकिरडा भरायला लागले. वर्षभराचं शेण, गोठ्यातली वैरणीची उष्टावळ, चुलीची राख, झाडलोटीचा पाला, सगळं तिथं कुजलेलं. रोहिण्यांत ते रानात जायचं, पाळीबरोबर मातीत मिसळायचं, म्हणजे पहिल्या पावसाला जिरतं. पूर्वी बैलगाडीच्या खेपा व्हायच्या, आता ट्रॅक्टरची ट्रॉली येते.

फावड्याबरोबर खतातून पांढऱ्या जाडजूड अळ्या निघतात, अंगाची कोयरी करून पडलेल्या. बगळे आणि साळुंक्या ट्रॉलीभोवती जमतात ते त्यासाठीच. कोंबड्यांनाही मेजवानी. खत अर्धवट कुजलेलं असलं तर हुमणीला आयतं घर मिळतं, म्हणून वरचा कच्चा थर बाजूला काढून पुढच्या वर्षासाठी ठेवला. चांगल्या खताची पारख हातानं करता येते. मुठीत घेतलं की भुसभुशीत लागलं पाहिजे, शेणाचा वास गेला पाहिजे, काडी ओळखू येता कामा नये.

उकिरडा रिकामा झाला की परस एकदम मोठं दिसतं. त्या खड्ड्यावर पावसाळ्यात भोपळ्याचे आणि दोडक्याचे वेल सोडायचे. बी गाडग्यात राखेत ठेवलंय.

सकाळी 10.00

माळवदावर चढले. आमची मागची खोली अजून माळवदाची आहे, पुढचं घर पत्र्याचं. माळवद म्हणजे लाकडाच्या तुळया, त्यावर फळ्या किंवा काड्या, त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत इतकं गार असतं की पंखा लागत नाही. पण पावसाळ्याआधी त्याची देखभाल करावी लागते. वर उगवलेलं गवत मुळासकट काढायचं, भेगा बुजवायच्या, पांढरी माती टाकून चोपायची, उतार नीट करायचा आणि पन्हळाचं तोंड मोकळं करायचं. पांढरी माती पाणी धरत नाही, वरच्यावर वाहून देते.

ह्यात एक गोष्ट आमच्या जिल्ह्याला फार महागात पडली. दरवर्षी जुन्या थरावर नवी माती पडत गेली आणि जुन्या घरांची माळवदं दीड-दोन फूट जाड झाली. खाली भिंती दगड-मातीच्या. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा लातूरबरोबर आपल्याकडच्या उमरगा-लोहारा भागातली गावंच्या गावं बसली. झोपलेली हजारो माणसं त्या मातीखाली गेली. त्यानंतर अनेकांनी माळवदं उतरवली आणि पत्रे घातले. आमच्याकडं जी खोली राहिली आहे तिच्यावर आधी जुना थर खरवडून खाली टाकतो, मगच नवी माती चढवतो. टोपली वर गेली की एक टोपली खाली आलीच पाहिजे.

पत्र्याचं दुखणं वेगळं. वळवाआधीचं वारं पत्रा उचलतं. हुक घट्ट आहेत का, वायसर गळलेत का हे बघून घेतलं. वरचे दगड काढले. पत्रा उडालाच तर दगड माणसाच्या डोक्यात येतो. त्याऐवजी तारेनं आवळून घेतलेलं बरं.

वरच वाळवण होतं. कुरडया झाल्या, पापड झाले, तुरीची भिजवून वाळवलेली डाळ भरडून झाली. शेवटच्या खारोड्या राहिल्या होत्या. चैत्रात एका दिवसात खडखडीत होणाऱ्या खारोड्यांना आज दुसरा दिवस चालू आहे. ऊन कडक असूनही वाळवण वेळ लावतं, कारण हवा आता पाणी घ्यायला पूर्वीइतकी तयार नाही.

दुपारी 12.23

घड्याळात बारा वाजतात तेव्हा आमच्या अंगणात मध्यान्ह होत नाही. घड्याळाची वेळ आपल्यापासून बरीच पूर्वेला असलेल्या रेषेवरून धरलेली, त्यामुळं धाराशिवात ह्या दिवसांत सूर्य माथ्यावर येतो 12 वाजून 23 मिनिटांच्या सुमाराला.

गोठ्याच्या दाराशी सहा फुटांची मेढ सरळ उभी आहे. तिची दुपारची सावली बघत गेलं तर ऋतूचा हिशेब सापडतो. हिवाळ्यात ती उत्तरेकडं लांब पडायची. मग आखडत आखडत 13 मेच्या सुमाराला पार बुंध्यात गेली. शून्य सावलीचा दिवस तो. आज ती चार-साडेचार इंच आहे, पण दक्षिणेकडं. सूर्य आमच्या डोक्यावरून पुढं उत्तरेला गेलाय. 21 जूनपर्यंत तो आणखी थोडा सरकेल, मग फिरेल आणि जुलैच्या अखेरीस सावली पुन्हा बुंध्यात येईल. तेव्हा ती बघायला आभाळ मोकळं असलं तर नशीब.

ह्याचा घरात उपयोग आहे. दक्षिणेच्या ओट्यावर आता भरदुपारी ऊन येत नाही, म्हणून धान्याची पोती तिकडं हलवली. उत्तरेच्या भिंतीला जिथं एरवी भरदुपारी ऊन लागत नाही, तिथं ह्या दोन महिन्यांत लागतं. गोवऱ्या तिथं लावल्या. पावसाळ्याच्या आत त्या कोरड्या झाल्या पाहिजेत आणि रास रचून वरून शेणानं लिंपून झाली पाहिजे, नाहीतर श्रावणात चूल धुरानं भरते.

दुपारी 1.30

ही वेळ कामाची नाही. जनावरं लिंबाखाली. कावळ्यांनी चोची उघड्या टाकल्यात. कोंबड्या राखेत अंग घासतायत. चिमण्यांसाठी ठेवलेल्या मातीच्या परातीत दुपारपर्यंत दोनदा पाणी घालावं लागतं. बोअरला ह्या दिवसांत थांबून थांबून पाणी येतं. मोटर थोडा वेळ चालवायची, बंद करायची, पुन्हा भरू द्यायचं. भूगर्भातली पाण्याची पातळी वर्षात सगळ्यात खाली जाते ती आत्ताच.

माठातलं पाणी आज गार लागलं नाही. नातवानं तक्रार केली, “आजी, माठ बिघडला.” माठ बिघडलेला नाही. माठाच्या छिद्रांतून पाणी झिरपतं, त्याची वाफ होते आणि जाताना वाफ पाण्यातली उष्णता घेऊन जाते. हवा कोरडी असली की हे काम झपाट्यानं होतं. हवेत आधीच बाष्प असलं की वाफ व्हायला जागा राहत नाही आणि माठ कोमट पडतो. मिठाच्या बरणीत खडे चिकटले, गुळाच्या ढेपेला पाझर फुटला, डब्यातला पापड वाकला, ह्या सगळ्यांचं कारण एकच. आत्याबाई ह्यांना पावसाच्या खुणा म्हणतात आणि त्यात काही चूक नाही. फक्त त्या खुणा हवेतल्या बाष्पाच्या आहेत. बाष्प असूनही पाऊस न पडता आठवडा जातो, हे आमच्या भागानं किती वेळा बघितलंय.

गावात कावळ्याचं घरटंही बघतात. आंब्यावर, वडावर बांधलं तर पाऊस चांगला, बाभळीसारख्या काटेरी झाडावर बांधलं तर कमी. आमच्या शिवारात कावळ्यानं यंदा दोन्हीकडं बांधलंय. निकाल ज्याचा त्यानं लावावा.

दुपारी 3.30

आजचं महत्त्वाचं काम ह्या वेळेला. कोपऱ्यात सावलीला ठेवलेली बारदानाची गुंडाळी उलगडली.

धाराशिव जिल्ह्यात खरिपाचं बहुतेक रान आता सोयाबीनखाली असतं. मूग, उडीद, तूर मागं पडली. सोयाबीनचं बी नाजूक. साल पातळ, पोतं उंचावरून आपटलं तरी आतला अंकुर दुखावतो. म्हणून पोती थप्पीनं रचताना फार उंच नेत नाहीत, रासायनिक खताजवळ ठेवत नाहीत. सरळ वाणाचं घरचं बी तीन वर्षांपर्यंत वापरता येतं, दरवर्षी विकत घ्यायची गरज नाही. पण ते उगवतं की नाही हे आधी तपासायचं. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, अंगणाचा कोपरा पुरतो.

पोत्यातून वरचं, मधलं, खालचं असं मिसळून मूठभर बी घ्यायचं आणि न निवडता शंभर दाणे मोजायचे. ओल्या बारदानावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडायच्या, वरून दुसरं ओलं बारदान घालायचं, गुंडाळी करून सावलीत ठेवायची. रोज पाणी शिंपडायचं. सहा-सात दिवसांनी उघडून चांगले, सरळ मोडाचे दाणे मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त निघाले तर एकरी तीस किलो बी पुरतं. त्याखाली आले तर बियाण्याचं प्रमाण वाढवायचं, आणि फारच खाली आले तर ते बी तेलाच्या गिरणीला नाही तर बाजाराला.

आमच्या फुले संगम वाणाचे 78 निघाले. नातवाला मोजायला बसवलं होतं. त्यानं वाकडे मोडही धरले होते, ते काढून 78. त्यानं विचारलं, “बाकीचे बावीस कुठं गेले?” काही काढणीच्या पावसात भिजलेले, काही मळणी यंत्रात फुटलेले. गेल्या हंगामाचा हिशेब असा मोडांतून निघतो.

संध्याकाळी 5.00

उगवतीकडून ढग चढले. खाली काळे, वर कापसाच्या राशीसारखे पांढरे आणि फुगत जाणारे. तासाभरापूर्वी पान हलत नव्हतं. एकदम गार वारं आलं, त्यात ओल्या मातीचा वास. म्हणजे कुठंतरी जवळ पडतोय.

आता अंगणात जो धावतो तो खरा. खारोड्या खाली, लिंबोळ्यांचं टोपलं ओट्यावर, करडं आत. कडब्याच्या गंजीवर ताडपत्री कालच ओढली होती, तिच्या दोऱ्यांना आणखी एक पीळ दिला. ज्वारीचा कडबा एकदा आतून भिजला की काळा पडतो, जनावर तोंड लावत नाही, आणि दिवाळीपर्यंतची वैरण जाते.

मुलाच्या फोनवर ‘दामिनी’ ॲप आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं केलेलं. आपल्या ठिकाणापासून 20 आणि 40 किलोमीटरच्या आत वीज पडते आहे का, हे त्यात कळतं. आतल्या रिंगणात लाल ठिपके दिसले तसा त्यानं रानातल्या माणसांना फोन लावला, “झाडाखाली थांबू नका, घरला या.” मराठवाड्यात ह्या वळवाच्या दिवसांत विजेनं माणसं आणि जनावरं मरतात, आणि बहुतेक वेळा ती झाडाचा आडोसा घेतलेली असतात. बैल लिंबाला बांधलेला होता तो मालकांनी सोडून गोठ्यात आणला.

सव्वापाचला थेंब पडले. टपोरे, पत्र्यावर खडे पडावेत तसा आवाज. वीस मिनिटं जोरात पडला आणि गेला. अंगणातून गढूळ पाणी वाहिलं, पन्हळातून माळवदाचं पाणी आलं. पांढरी माती धरली होती, आत एकही थेंब गळला नाही.

संध्याकाळी 6.00

अंगणाच्या मोकळ्या जागी, झाडापासून आणि भिंतीपासून लांब, एक डबा दगडांत बसवलेला आहे. कडा सरळ उभ्या, तळ सपाट. तोंड आणि तळ सारखे असले की झालं. पट्टी घातली. 14 मिलिमीटर.

हा आकडा म्हणजे काय, ते नीट समजून घेतलं पाहिजे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एकरावर साधारण 4,047 लिटर. म्हणजे आज एका एकरावर 56 हजार लिटरांहून जास्त पाणी पडलं. ऐकायला भरपूर वाटतं. पण बांधावर जाऊन कुदळ मारली तेव्हा वरची तीन-चार बोटं ओली, खाली कोरडी ठणठणीत आणि तापलेली. काळ्या रानाला उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात. पहिलं पाणी त्या भेगांतून खाली उतरतं आणि वरच्या थरात ओल टिकत नाही. भेगा मिटल्या पाहिजेत, माती थंड झाली पाहिजे, मगच बियाला आधार मिळतो. अर्ध्या ओलीत टाकलेलं बी फुगतं, मोड काढतं आणि वरून ऊन पडलं की जागच्या जागी मरतं. म्हणून परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि कृषी विभाग दरवर्षी एकच सांगतात, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका.

संध्याकाळी 7.15

सूर्य सातच्या आसपास मावळला. अंधारून येताच लिंबावर आणि बाभळीवर गुणगुण सुरू झाली. हुमणीचे भुंगेरे. वर्षभर जमिनीत राहिलेले हे तपकिरी किडे पहिल्या वळवानंतर संध्याकाळी बाहेर येतात, लिंब-बाभूळ-बोरीची पानं खातात आणि तिथंच त्यांचं मीलन होतं. मग मादी जमिनीत पन्नासेक अंडी घालते. त्यांतल्या अळ्या जुलै ते सप्टेंबर सोयाबीनची आणि उसाची मुळं खातात. झाड वरून पिवळं पडतं, उपटलं की मूळच नसतं. तेव्हा औषध टाकून फारसा उपयोग होत नाही. किडा सापडण्यासारखा असतो तो आजच्यासारख्या संध्याकाळी.

झाडाखाली जुनी लुगडी अंथरली. मुलानं बांबूनं फांद्या हलवल्या. भुंगेरे पटापट खाली पडले, ते गोळा करून रॉकेल घातलेल्या पाण्याच्या बादलीत. ओट्यावरच्या बल्बखाली दुसरी पाण्याची परात ठेवली, उजेडाकडं येणारे त्यात पडतात. ही कामं एका घरानं करून भागत नाही. किडा बांध ओळखत नाही, गल्लीतल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात केली तरच फरक पडतो. आज आमच्याशिवाय आणखी चार-पाच अंगणांत बल्ब आणि बादल्या दिसल्या.

रात्री 9.00

जेवणं झाली. वहीत नोंद केली. तारीख, पाऊस 14, वारा आधी बंद मग पूर्वेचा, लिंबोळ्या पडायला सुरुवात, भुंगेरे निघाले, चातक नाही.

एवढ्यात शेजारचे अण्णा आले.

“काय वयनी, मिरगाच्या आधीच सलामी दिली. औंदा लवकर पेरावं म्हणतो.”

“अण्णा, चौदा मिलिमीटर झालाय. पंच्याहत्तरला अजून एकसष्ट पाहिजे.”

“आभाळ तर बघा की.”

“आभाळ बघूनच सांगायलेय.”

त्यांना 2025 ची आठवण करून दिली. त्या वर्षी 24 मेला मॉन्सून केरळात आला, 26 मेला मुंबईत पोचला, आणि आपल्याकडंही मेमध्येच धो धो पडला. पंचांगातला मिरग यायच्या आधी नाले वाहिले. मग जूनमध्ये त्यानं ओढ दिली. घाई करू नका, असं कृषी विभागाला सांगत फिरावं लागलं. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात परंडा-भूम भागात सीनेचं पाणी गावांत शिरलं, उभी पिकं आणि बांधावरची माती घेऊन गेलं. एकाच हंगामात तीन तऱ्हा. जिल्ह्याची जून ते सप्टेंबरची सरासरी सहाशे मिलिमीटरच्या आसपास आहे, पण ते सहाशे मिलिमीटर कधी आणि किती दिवसांत पडणार, हे मुंगी, कावळा, पावशा आणि नक्षत्र ह्यांच्यापैकी कुणीच सांगत नाही.

म्हणून ह्या खुणा टाकून द्यायच्या असं माझं म्हणणं नाही. त्या तयारीच्या खुणा आहेत. लिंबोळी पडली, ती वेचा. माठ कोमट झाला, वाळवण आवरा. उकिरडा भरा, माळवद बघा, पत्रे आवळा, लस टोचा, बी तपासा. भुंगेरे दिसले की त्याच रात्री झाडं हलवा. ह्या कामांना खूण पुरते, कारण पाऊस आठ दिवस उशिरा आला तरी ह्यांतलं एकही काम वाया जात नाही. पेरणीचं तसं नाही. ती फसली तर बी, खत, मजुरी आणि हंगामाचे पंधरा दिवस जातात, आणि दुबार पेरणीचं कर्ज वर्षभर फिटत नाही.

सरळ कडांचा एक डबा आणि शाळेतली एक पट्टी, एवढाच खर्च आहे. आजच अंगणात मांडा, प्रत्येक पावसाची बेरीज भिंतीवर लिहा, आणि ती 75 च्या वर गेल्याशिवाय बियाण्याचं पोतं उसवू नका.